न्यूट्रल

गुरुवारी वीज जाते, चारला येते,
आणि आपल्या घरातल्या साडेतेरा वस्तू
आपण कोणाच्या, हेच विसरून
लुकलुकत बसतात.
साडेतेरा, कारण तुझा गीझर निम्माच ऐकतो,
चालू होतो, बंद होत नाही.

मी सहकारनगरहून चार दिवे आणले, एक स्पीकर,
आणि पडद्याची मोटर, जी ओढताना कण्हते.
तू पिंपळे सौदागरहून एसी, कॅमेरा, पाच दिवे
आणि ती पांढरी डबी, जिला तू हब म्हणतोस
आणि मी मनातल्या मनात तुझी थोरली आत्या.
तिला विचारल्याशिवाय काही पेटत नाही.

पन्नाशीनंतर लग्न करताना
लोक पत्रिका बघत नाहीत, गोळ्या बघतात.
आपण बघितल्या.
कुकर दोन झाले, एक पुष्पाताईंना दिला.
माझ्या मिक्सरवर तुझं भांडं बसेना, ते हसण्यावारी नेलं.
पण माझा दिवा तुझ्या डबीशी बोलणारच नाही
हे कोणी सांगितलं नव्हतं,
वारज्यातल्या या जुन्या टू बीएचकेच्या मालकानंही नाही.

तपकीर गल्लीतून इरफान आला,
खांद्यावर ड्रिल, ओठांत दोन स्क्रू.
बोर्ड उघडून आत बॅटरी मारली.
"मॅडम, न्यूट्रलच नाहीये इथे.
फेज आहे, अर्थ आहे. न्यूट्रल नाही."
तू माझ्याकडे बघितलंस.
"घरात कोणीच नाहीये," तू म्हणालास.
आपण का हसतोय ते त्याला कळेना.
त्यानं भिंत खरवडली, काळी तार ओढून आणली,
बाराशे घेतले, चहा घेतला नाही.

मग दोन रविवार.
एकच दिवा, तुझ्या ॲपमध्ये "हॉल १",
माझ्या ॲपमध्ये "खिडकीजवळचा".
स्पीकरला पॅसेज म्हटलेलं कळतं,
बोळ म्हटलं की तो भोरचं हवामान सांगतो.
सगळ्यांना एका छताखाली आणायचं
तर माझ्या दिव्यांनी आधी मागचं विसरायला हवं:
पाच वेळा चालू-बंद, पाच वेळा, की झालं.
मी स्टुलावर, तू खालून मोजत होतास.
एक. दोन. तीन.
मला असं बटण असतं
तर मी चारवर थांबले असते.

संध्याकाळी शेवटचा दिवा जोडला गेला.
डबीवरचा ठिपका हिरवा. आपण पोहे खाल्ले.
आणि पावणेदहाला, कोणी काही न सांगता,
पॅसेजमधला तुझा दिवा निळा झाला.

तू फोनमध्ये शोधत गेलास, खाली, आणखी खाली,
जुन्या घराच्या यादीत.
"ओवी झोपते. रोज. ९:४५. निळा. दहा टक्के."
ती आठ वर्षांची होती तेव्हा, तू म्हणालास,
अंधारात तिला कपाट मोठं होताना दिसायचं.
आता मणिपालला असते, हॉस्टेलवर,
दोनच्या आत झोपत नाही.
तुझा अंगठा कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर आला.
"काढतो, थांब," माझ्याकडे न बघता.
मी म्हटलं, राहू दे,
दहा टक्क्यांनी कितीसं बिल येणार आहे.

दिवाळीत ती आली.
बॅग पॅसेजमध्येच, बूट बुटांवर पडलेले,
बोलणं तुझ्याशी, मान माझ्याकडे.
पावणेदहाला पाण्याची बाटली घेऊन निघाली
आणि निळ्याखाली थबकली.
वर बघितलं. बोर्डाकडे बघितलं.
नव्या प्लास्टरचा ओरखडा नखानं उगाच खरवडला.
मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन
पहिल्यांदा थेट मला विचारलं,
"वायफायचा पासवर्ड काय आहे?"

मी हात पुसले आणि सांगितला,
एकेक अक्षर, सावकाश.
त्यात तिच्या बाबाचं आडनाव आहे, माझं आहे,
आणि शेवटी एक उद्गारचिन्ह, ते कोणाचंच नाही.

गीझर अजून निम्माच ऐकतो.
जो आधी उठतो, तो हातानं बंद करतो.